नांगर

कचेरीच्या जिन्यात आज एकोणीस बायका बसल्या होत्या.
मी विसावी.
डॅमरिस थर्केटल, राहणार हारिच,
कॅप्टन अँब्रोझची विधवा.
चौदा महिन्यांचा पगार यायचा आहे.

कारकुनाचं नाव पेनिफोल्ड. माणूस वाईट नाही.
बोटांना शाई, डोक्यावर बहुधा उसना विग.
त्यानं वही उघडली, मेणबत्ती जवळ ओढली.
बाई, हिशेब जुळत नाही, म्हणाला.
एक नांगर कमी येतो.

एक नांगर.
याला आता काय सांगू?
ब्लाइबराच्या दलदलीकाठी अँब्रोझचा बाप नांगर धरायचा,
दुसऱ्याचा,
दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्याच्या घोड्यांमागे.
त्या फाळाला भिऊन अकराव्या वर्षी पोरगं पळालं
ते न्यूकासलच्या कोळशाच्या गलबतावर,
आणि तिथं त्याला पहिलं काम मिळालं
नांगराच्या दोरावरचा चिखल धुवायचं.
आम्ही भेटलो तेव्हाही तो काळं थुंकायचा.

पुढे तोफांजवळ पोऱ्या, मग मास्टरचा मेट.
मग राजा गेला, राजाबरोबर राजाची माणसं गेली,
आणि डांबराच्या हातांनाही जहाजं मिळू लागली.
त्याला मिळालं ‘लिबर्टी’. चाळीस तोफा, गळकं.
अकरा वर्षांनी राजा परत आला.
रंगाऱ्यांनी एका दुपारी मागची अक्षरं खरवडली,
दिवेलागणीला तेच जहाज ‘रॉयल मार्गारेट’.
गळती तीच आहे, अँब्रोझ म्हणाला.
घरात म्हणाला. धक्क्यावर टोपी काढली.

डचांच्या पहिल्याच गोळ्यानं कठडा फुटला,
ओकची ढलपी जबड्यात शिरली.
तेव्हापासून तो डाव्या बाजूनं चावायचा
आणि पाहुण्यांसमोर जेवायला बसायचा नाही.
सरदारांची पोरं लेफ्टनंट होऊन यायची, रेशमी मोजे घालून,
पाठीमागे त्याला डांबऱ्या म्हणायची.
त्यातल्या एकाला त्यानं होकायंत्र वाचायला शिकवलं.
तो पुढे ह्याच्या वर गेला,
भेटला की ओळख दाखवायचा, थोडीशी.

नांगर कुठे गेला ते मला ठाऊक आहे.
नोव्हेंबरची रात्र, डाउन्समध्ये वादळ,
आणि जहाज नांगरासकट गुडविनच्या वाळूकडे सरकतंय.
ओढून घ्यायला वेळ नव्हता.
त्यानं सुताराच्या हातातली कुऱ्हाड घेतली
आणि दोरखंड स्वतः तोडला.
हुकूम दिला असता तर पैसे सुताराच्या नावावर पडले असते.
सकाळी दोनशे सहा माणसं मोकळ्या समुद्रावर होती,
ओली, शिव्या देत.

साक्षीदार?
बोसन चॅटमला तापानं गेला. सुतार बार्बडोसला.
आणि दोनशे सहा माणसं?
माणसांचा रकाना वेगळा असतो बाई, दोराचा वेगळा.

मग त्यानं वजाबाकी केली. मी उलट्या बाजूनं वाचत होते.
नांगर, एकवीस हंड्रेडवेट.
दोरखंड, एकशे वीस वाव.
कुऱ्हाडीचा दांडा, एक. हा कुठून आला कोण जाणे.
उरले नऊ पौंड चार शिलिंग,
तेही रोख नाही, तिकीट.
कोपऱ्यावरचा दारूवाला तिकिटाला पौंडामागे बारा शिलिंग देतो.

मी विचारलं, पैसे आम्ही भरले, मग नांगर कुणाचा?
पेनिफोल्डनं लेखणी खाली ठेवली.
इतक्या वेळात पहिल्यांदा.
तसं पाहिलं तर, म्हणाला, तुमचाच.

सासऱ्याला सांगायला हवं होतं.
दहा वाव पाण्याखाली, वाळूत रुतलेला,
थर्केटलांचा स्वतःचा,
ज्याच्यापुढे घोडे नाहीत आणि मागे कुणी वाकलेलं नाही.

जिन्यात माझी जागा एका पोरीनं घेतली होती, कडेवर मूल.
मिळालं का काही, तिनं विचारलं.
नांगर मिळाला, मी म्हटलं,
आणि कठड्याला धरून उतरू लागले.